दत्तक वारस... मंजूर!



श्रावणातला रविवार होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मी चौथीच्या वह्या तपासत बसले होते. इतक्यात अंगणातल्या बादलीतून तांब्याने पाय धुतल्याचा आवाज आला आणि दारात एक निथळती छत्री उभी राहिली. छत्रीखाली कोण? तर माझीच जुनी विद्यार्थिनी! चार वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात होती. आता तालुक्याच्या हायस्कुलात आठवीत आहे.

तिचं खरं नाव मी सांगणार नाही. तिची आजी तिला लाडानं 'चिंगी' म्हणते, आपणही तेच म्हणू या. (चौदा वर्षांच्या मुलीला हे नाव मुळीच आवडत नाही बरं का! पण लेखात खरं नाव येणार नाही, या अटीवर तिनं आणि तिच्या आईनं परवानगी दिली आहे.)

चिंगी आली की आधी स्वयंपाकघरात शिरते, लाडवाचा डबा शोधते आणि तोंड भरलेलं असतानाच बोलायला लागते. त्या दिवशी मात्र ती सरळ खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाई, डलहौसी वाईट होता ना?"

मला हसूच आलं. "का गं? आज त्याची आठवण कशी झाली?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात इतिहासाचा तास चालू होता. धडा १८५७ च्या उठावाचा. सरांनी फळ्यावर कारणं लिहिली. त्यातलं एक होतं, 'दत्तक वारस नामंजूर'. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक मुलगा मागे वळला आणि चिंगीकडे बघून हळूच म्हणाला, "तू पण नामंजूर!" आजूबाजूची चार-पाच मुलं फिदीफिदी हसली. सरांच्या कानावर काही गेलं नाही. ते झाशीकडे वळले होते.

चिंगी दत्तक आहे. ही गोष्ट तिला अगदी लहानपणापासून ठाऊक आहे आणि गावातही बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

"मी रडले नाही, बाई," ती म्हणाली. "पण तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. मी नक्की कुणाची?"

आधी माझी चूक

मुलांनो, त्या मुलाला नावं ठेवायला मी काही मोकळी नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतःच चुकले होते.

चौथीच्या वर्गाला मी 'माझं कुटुंब' नावाचा तक्ता भरून आणायला सांगितला होता. आजी-आजोबांची नावं, गाव, व्यवसाय असे रकाने होते. शेवटचा रकाना होता, 'मी कुणासारखा किंवा कुणासारखी दिसते?' सगळ्यांना तो फार आवडला. कुणाचं नाक बाबांसारखं, कुणाचे केस आजीसारखे. एकानं तर लिहिलं होतं, 'माझे कान कुणासारखेच नाहीत.' चिंगीनं मात्र तो रकाना कोरा सोडला होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "का गं? आळस केलास ना?" तिनं मान खाली घातली ती घातलीच.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. रागावली नाही की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "बाई, ती पाच महिन्यांची असताना आम्ही तिला संस्थेतून घरी आणलं. तिला सगळं माहीत आहे. पण त्या रकान्यात काय लिहायचं, ते आम्हालाही सुचलं नाही."

मी वरमले. प्रत्येकाचं घर एकाच साच्यातलं असतं असं मी धरून चालले होते. पण वर्गात कुणी आजोळी वाढतं, कुणाची आई एकटीच घर चालवते, कुणी दत्तक असतं. आता माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना वेगळा आहे. 'मी घरात कुणाकडून काय शिकलो?' गंमत म्हणजे हा रकाना आजवर एकाही मुलानं कोरा ठेवलेला नाही.

नामंजूर कुणी केलं?

"चल, आधी डलहौसीचा निकाल लावू," मी चिंगीला म्हटलं आणि आम्ही पुस्तक उघडलं.

लॉर्ड डलहौसी १८४८ ते १८५६ या काळात गव्हर्नर जनरल होता. एखाद्या राजाला स्वतःचा मुलगा नसेल आणि त्यानं दत्तक घेतला असेल, तर तो वारस मानायचा नाही आणि राज्य खालसा करायचं, हा डाव त्यानं जोरात चालवला. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य असंच गेलं. १८५३ मध्ये झाशीच्या गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी एक लहान मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. इंग्रजांनी त्याला वारस मानलं नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली.

"आता सांग," मी विचारलं, "दामोदररावाला नामंजूर कुणी केलं?"

"इंग्रजांनी."

"आणि राणी लक्ष्मीबाईनं?"

चिंगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती तर त्याच्यासाठी भांडली." आणि एकदम तिचा चेहरा खुलला. "म्हणजे बाई, नामंजूर केलं ते साहेबानं, आईनं नाही!"

बघा, हे मला सुचलं नव्हतं, तिलाच सुचलं.

महाराष्ट्रात तर याहून मोठं उदाहरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात विधवांच्या मुलांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. काशीबाई नावाची एक विधवा अडचणीत सापडून त्यांच्याकडे आली. तिच्या बाळाला फुले पति-पत्नींनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र केलं, त्यात त्याची तरतूद केली. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून वाद निघाला, कारण यशवंत दत्तक होता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवं हाती घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. हडपसरजवळच्या माळावर यशवंतनं दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रुग्णांना तिथं आणू लागल्या. त्याच सेवेत त्यांना प्लेगनं गाठलं. एकाच कामाला जुंपलेले ते आई आणि मुलगा रक्ताच्या नात्याचे नव्हते, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळलं असतं का?

आजचा कायदा काय म्हणतो?

"पण बाई, आता कायदा काय आहे?" चिंगीनं विचारलं. आठवीची मुलं अशी सहज सोडत नाहीत!

आजचा कायदा अगदी स्पष्ट आहे. १९५६ चा हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा, दोन्ही हेच सांगतात की दत्तक झालेलं मूल हे त्या आई-बाबांचंच मूल. घरात जन्मलेल्या मुलाला जे हक्क, तेच त्याला. नाव, घर, शिक्षण, वारसा, सगळं. जन्मदाखल्यावरही आई-वडील म्हणून त्यांचीच नावं येतात.

दत्तक देण्या-घेण्याची देखरेख करायला 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण आहे. ते १९९० मध्ये सुरू झालं. मूल हवं असलेल्या आई-बाबांना नाव नोंदवावं लागतं. मग समाजसेविका घरी येऊन चौकशी करतात. आरोग्य, कमाई, घरातली माणसं सगळं पाहतात. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्यालाही विचारावं लागतं. शेवटी दत्तकाचा हुकूम निघतो. चिंगीच्या वेळी तो कोर्टानं दिला होता. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि आता तो जिल्हा दंडाधिकारी देतात.

म्हणजे चिंगी 'मंजूर' आहे, आणि तीही शिक्क्यानिशी!

हे प्रश्न आत्ताच का पडतात?

पण नुसत्या शिक्क्यानं मन थोडंच भरतं? चिंगी म्हणाली, "लहानपणी मला काहीच वाटायचं नाही. आई रात्री गोष्ट सांगायची, 'आम्ही गाडीत बसून तुला आणायला गेलो.' मला ती गोष्ट आवडायची. मग आत्ताच असं का होतंय?"

याचंही उत्तर आहे. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मुलांना दत्तक म्हणजे काय ते कितपत कळतं, याचा अभ्यास केला. अगदी लहान मुलं 'मी दत्तक आहे' असं म्हणतात, पण त्यांना त्याचा अर्थ पुरता कळलेला नसतो. आठ-दहा वर्षांच्या सुमारास दुसरी बाजू ध्यानात येते. मला कुणीतरी घरी आणलं, म्हणजे त्याआधी कुणीतरी मला सोडलंही असणार! मग मनात प्रश्नांची रांग लागते.

त्यात तेरा-चौदाचं वय हे सगळ्याच मुलांचं 'मी कोण?' असं विचारायचं वय. यावर सर्वांत जास्त लिहिलं ते एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं. त्याची स्वतःची गोष्ट ऐका. तो १९०२ मध्ये जर्मनीत जन्मला. आपला जन्मदाता कोण हे त्याला कधीच कळलं नाही. आईनं एका मुलांच्या डॉक्टरशी लग्न केलं, त्या डॉक्टरनं एरिकला दत्तक घेतलं, पण ही गोष्ट त्याच्यापासून बरीच वर्षं लपवून ठेवली होती. एरिक उंच, सोनेरी केसांचा. घरच्यांसारखा दिसतच नसे, त्यावरून मुलं चिडवत. तोच मुलगा मोठा झाला आणि वाढत्या वयात माणूस स्वतःची ओळख कशी शोधतो, हे त्यानं जगाला समजावून सांगितलं. चिंगीला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं लाडवाचा डबा उघडला. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली!

"तू माझी खरी आई असतीस तर..."

पण खरी गोष्ट पुढेच होती. दुसरा लाडू हातात धरून चिंगी एकदम म्हणाली, "बाई, मी आईला फार वाईट बोलले."

शनिवारी तिला मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं होतं. नदीला पूर आला होता, म्हणून आई नको म्हणाली. शब्दानं शब्द वाढला आणि चिंगीच्या तोंडून निघून गेलं, "तू माझी खरी आई असतीस तर मला जाऊ दिलं असतंस!"

"मग?"

"ती काहीच बोलली नाही. गॅस बंद केला आणि बाहेर निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, बाई."

मी तिला माझं एक गुपित सांगितलं. मी चौदा वर्षांची असताना जत्रेला जाऊ दिलं नाही म्हणून माझ्या आईला 'कैदाशीण' म्हणाले होते. आणि माझा जन्म तर त्याच आईच्या पोटी झालेला! या वयात भांडण प्रत्येक घरात होतं. फक्त चिंगीच्या हाताशी एक शब्द जास्त धारदार आहे, 'खरी'. तो उचलला की समोरच्याला लागतो आणि उचलणाऱ्याचाही हात कापतो.

पाऊस जरा उघडला. मी म्हटलं, "चल, मी येते तुझ्याबरोबर."

कलमाच्या मांडवात

चिंगीच्या बाबांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. पावसाळा म्हणजे त्यांचा घाईचा मोसम. मांडवात चिंगीची आई आणि बाबा शेजारी-शेजारी बसून कलमं बांधत होते. रायवळ आंब्याच्या कोया रुजवून आलेली कोवळी रोपं पिशव्यांत ओळीनं मांडलेली होती. त्यांचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. आजी पट्ट्या कापून देत होती.

"काय गो चिंगे, जेवलीस काय?" आजीनं विचारलं. चिंगी काही न बोलता आईशेजारी बसली आणि पट्ट्या हातात देऊ लागली. आईही काही बोलली नाही. पाच-सहा कलमं अशीच झाली.

मग चिंगीनं विचारलं, "बाबा, कलमाचं खरं झाड कुठलं? खालचं की वरचं?"

बाबांचा हात थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं. "खालचा खुंट पाणी देतो, माती धरून ठेवतो. तो नसेल तर काडी चार दिवसांत सुकते. पण फळ येतं ते काडीच्याच जातीचं. हापूसची काडी लावली तर हापूसच लागायचा, रायवळ नाही लागायचा."

"म्हणजे मी काडी," चिंगी म्हणाली. "दुसऱ्या झाडावरून आलेली."

"होय. आणि मुळं आमची," बाबा म्हणाले. "पण आंबा तुझाच लागणार बरं का! तो आम्ही बदलायला जाणार नाही."

तेव्हा आईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आणि जोड बसायला वेळ लागतो गं. मधेच पट्टी ओढायची नसते."

"आई, मी कालचं..."

"राहू दे. मला लागलं, ते खरं. पण तू विचारत जा. विचारायचंच थांबलीस, तर तुझ्या मनात काय आहे ते मला कसं कळायचं?"

हात धुऊन आई घरात गेली आणि एक निळी फाईल घेऊन आली. तिच्यात कोर्टाचा हुकूम होता, संस्थेतला एक फोटो होता आणि पिशवीत घडी घातलेलं एक गुलाबी झबलं होतं. "कपाटाला कुलूप नाही," आई म्हणाली. "कधीही काढून बघ."

झबलं हातात धरून चिंगीनं विचारलं, "तिनं मला का सोडलं असेल?"

"तिचं नाव आम्हाला सांगितलेलं नाही. कारण मला ठाऊक नाही, उगाच बनवून सांगणार नाही. पण दर वाढदिवसाला तुला ओवाळताना मनात येतं, तीही आज तुझी आठवण काढत असेल."

मुलांनो, जन्मदाते मूल का देतात? कधी आजारपण, कधी टोकाची गरिबी, कधी लग्न झालेलं नसताना लोकांची भीती, कधी मृत्यू. कारण काहीही असो, त्यात बाळाची चूक कधीच नसते. ही गोष्ट चिंगीला मी दोनदा सांगितली. तुम्हालाही सांगते.

आपल्या मुळांचा शोध घेण्याची सोयही नियमांत आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी आई-बाबांबरोबर मिळून करता येतो. जन्मदात्या पालकांनी मूल स्वतः सोपवलेलं असेल तर त्यांचीही संमती विचारली जाते, कारण त्यांचं आयुष्यही पुढे गेलेलं असतं.

प्रत्येकाचा शोध सारखा नसतो. ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर आपल्या पुण्याची. १३ ऑगस्ट १९७९ चा जन्म. 'श्रीवत्स' या संस्थेतून तीन आठवड्यांची असताना मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांची इंग्रज पत्नी स्यू यांनी तिला दत्तक घेतलं. ती सिडनीत वाढली, ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत १००० धावा आणि १०० बळी हे दोन्ही करणारी ती पहिली महिला. २०१३ मध्ये मुंबईतच विश्वचषक जिंकून ती निवृत्त झाली. मोठेपणी ती पुण्याच्या त्या संस्थेलाही भेट देऊन आली. पण आपलं घर कुठलं, याबद्दल तिच्या मनात गोंधळ नव्हता.

तुमच्या वर्गात कुणी दत्तक असेल तर...

* 'तुझी खरी आई कुठं आहे?' असं विचारू नका. रात्री ताप आला की उशाशी बसते ती खरीच असते. विचारायचंच असेल तर 'जन्माची आई' म्हणा, आणि तेही मैत्री असेल आणि त्याला बोलायचं असेल तरच.
* 'बिचारा', 'नशीबवान' असलं काही म्हणू नका. तो तुमच्यासारखाच आहे, गृहपाठ न करणारा!
* त्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट चारचौघांत करू नका. ती गोष्ट त्याची आहे. कुणाला सांगायची ते तोच ठरवेल.
* कुणी चिडवत असेल तर त्या हसण्यात सामील होऊ नका. चार जण हसले नाहीत, की पाचव्याचा विनोद तिथंच मरतो.

आणि तुम्ही स्वतः दत्तक असाल तर? प्रश्न पडले म्हणजे आई-बाबांवरचं प्रेम कमी झालं असं नाही. मनात ठेवू नका. आई-बाबांना विचारा. तिथं अवघड वाटलं तर आजी, मावशी, शाळेतल्या बाई, कुणाजवळ तरी बोला.

आता शेवटचं. पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं, "दत्तक वारस नामंजूर करणं अन्यायाचं का होतं?" चिंगी उभी राहिली. तिनं सातारा सांगितला, झाशी सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "सर, मीही दत्तक आहे. आणि आजच्या कायद्यानं मी मंजूर आहे." वर्ग एकदम चिडीचूप झाला. मधल्या सुट्टीत तो पुढच्या बाकावरचा मुलगा तिच्याजवळ आला. माफीबिफी काही मागितली नाही. नुसतं म्हणाला, "तुझी इतिहासाची वही देशील? माझं उत्तर अर्धंच राहिलंय."

"मग दिलीस?" मी विचारलं.

"दिली की!" चिंगी म्हणाली. "पण बाई, कव्हर घालून परत दे म्हणून सांगितलंय."